उभ्या धानातली लाखोरी

हार्वेस्टर आमच्या बांधीतून गेला त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी एका वाक्यापलीकडे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही. मी मास्तरीण आहे, बोलणं हाच माझा धंदा, त्यामुळे माझं गप्प बसणं घरात कुणाला सोसत नाही. त्या दिवसांत मांजरसुद्धा स्वयंपाकघराकडे फिरकत नव्हतं. राग धानाचा नव्हता. आमचं धान आधीच कापून घरी आलं होतं. धानाच्या खाली बोटभर लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, उगवली होती, तिच्यावरून ते धूड गेलं होतं, आणि ती लाखोरी मी माझ्या पोरीसाठी पेरायला लावली होती.

आमचं गाव एकोडी, माझी शाळा साकोलीला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं. मुलगी बारावी झाली आणि पोलीस भरतीच्या मागे लागली. आमच्याकडे गावोगावच्या पोरी पहाटे रस्त्याने पळताना दिसतात, त्यातलीच ही एक. बापाचे जुने बूट घालून सुरुवात केली, मग हट्ट करून स्वतःचे घेतले. पुस्तकात तिचं मन कधी रमलं नाही, पण पळायला लागली की तिचा चेहराच बदलायचा. मी वरवर कुरकूर करायची आणि आतून खूश असायची.

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी दूधवाल्याचा फोन आला, "मॅडम, तुमची पोरगी रस्त्यावर पडून हाय, लवकर या." मी स्कूटी कशी काढली ते मला आजही सांगता येणार नाही. ती रस्त्यातल्या मोरीच्या कठड्याला टेकून बसली होती. ओठ पांढरे, कपाळावर घाम. मला पाहून म्हणाली, "काही नाई आई, जरासे डोळे अंधारले." माझ्या तोंडातून निघाला तो रागच. उपाशीपोटी पळतेस, सांगितलेलं ऐकत नाहीस, असं बरंच काही मी त्या मोरीवर उभी राहून बोलले. दूधवाला बिचारा खाली मान घालून ऐकत होता.

साकोलीच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे. हे भरून निघेपर्यंत जोराचं पळणं बंद. चाला, हळू धावा. भरून नाही निघालं तर भरतीच्या मैदानाचा विचार सोडून द्यावा लागेल." पोरीने माझा हात धरला. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसा.

मग डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "जेवतेस काय?"

"भात."

"भातासोबत?"

"वरण. आलू."

"आणि?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. 'आणि'च्या पुढे सांगण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. नाही म्हणायला आठवड्यातून एकदा अंडी, कधी मासे, कधी बाजारातून आणलेली पालकाची एखादी मलूल जुडी, तिला बघून ही नाक मुरडायची. डॉक्टरीणबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्या सोडू नका असं बजावलं, आणि हिरवी भाजी, कडधान्य, काहीतरी लिंबाचं रोज पोटात गेलं पाहिजे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गातून फिरत होते. माझं लक्ष आपोआप डब्यांकडे गेलं. पांढरा भात, पिवळे आलू, आणि डब्याच्या झाकणात पाकिटातलं काहीतरी कुरकुरीत. पुढचा डबा तसाच. त्याच्या पुढचाही. ही सगळी शेतकऱ्यांची लेकरं, यांच्या घरचं धान गिरणीतून पॉलिश होऊन हायवेने कुठल्या कुठे जातं. आमच्याकडचा तांदूळ परदेशातसुद्धा खातात म्हणे. त्याच हायवेने आमच्यासाठी डाळ येते, आलू येतात, अंडी येतात, ती पाकिटंही येतात. जगाला जेवू घालणाऱ्या गावातली पोरगी रस्त्यावर चक्कर येऊन पडते, ह्याचा मला इतका संताप आला की त्या तासाला मी विनाकारण सगळ्या वर्गाला पाढे लिहायला लावले.

घरी पालक, मेथी, चवळी, सगळं करून पाहिलं. पोरगी दोन घास खायची आणि ताट सरकवायची. गोळ्यांनी तिला मळमळायचं, म्हणून आणखीच कमी जेवायची. एके दिवशी मी हात टेकले आणि विचारलं, "तुले मग पायजे तरी काय?"

ती म्हणाली, "आत्याकडची लाखोरीची भाजी."

आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. सानगडीला दिली आहे, तिथल्या बाजारात भाजी विकते. पोरगी लहानपणी सुट्ट्यांत तिच्याकडे राहायची, तेव्हा लाखोरीचे कोवळे शेंडे शिजवून, वरून लसणाची फोडणी दिलेली ती भाजी तिने ताटंच्या ताटं खाल्ली होती. पण लाखोरीचं नाव निघालं आणि मी दचकले. माझ्या माहेरच्या गावात एक म्हातारे बाबा होते. दोन काठ्यांवर चालायचे, एक पाय दुसऱ्यावर आडवा पडायचा. 'लाखोरीनं पाय गेले' असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणायचे. ते ऐकत मी वाढले. घरोघरी लाखोरीच्या डाळीचे वडे व्हायचे, मीही खाल्ले होते, पण मनातून ती भीती कधी गेली नाही. आणि आता ज्या पोरीचं सगळं काही पायांवर आहे, तिला मी हे खाऊ घालू?

मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. दुष्काळात दुसरं काहीच पिकायचं नाही तेव्हा लोक महिनोन्‌महिने नुसती लाखोरीच खायचे, सकाळ-संध्याकाळ तीच, त्यांचे पाय जायचे. भात, भाजी, अंडं, मासे यांच्यासोबत अधूनमधून खाल्ली, डाळ भिजवून ते पाणी फेकून दिलं, तर घाबरायचं कारण नाही. रोजच्या रोज मात्र नको.

परत येताना मी स्कूटीवर मनात तेच घोळवत होते. म्हणजे दोष त्या झाडाचा नव्हता. ताटात एकच एक वस्तू उरली की तीच अंगावर उलटते. त्या बाबांच्या ताटात नुसती लाखोरी होती आणि माझ्या पोरीच्या ताटात नुसता भात. फरक एवढाच की भाताने पाय वाकडे होत नाहीत, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

नवऱ्याला म्हटलं, यंदा बांधीत लाखोरी टाका. तो हसला. आमच्या सासऱ्यांच्या काळी गावात एकही बांधी लाखोरीशिवाय नसायची, धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तुरी आणि पोपटाच्या वालाचे वेल असायचे. मग हार्वेस्टर आला. मशीनला कोरडी जमीन लागते, म्हणून लोक धान पिकायच्या आधीच बांधीचं तोंड फोडून पाणी काढून द्यायला लागले. लाखोरीला लागते ओल. शिवाय तिचं बी उभ्या धानातच टाकायचं असतं. धान निघेपर्यंत ती खाली उगवून आलेली असते, आणि मशीन तिच्यावरून फिरतं. दोघांचं जमणार कसं? मशीन राहिलं, लाखोरी गेली. मशीन मोडलेल्या धुऱ्यांवरून जायला लागलं तशा तुरीही गेल्या.

"बी कोठी भेटनार हाय आता?" नवरा म्हणाला.

बी सानगडीला होतं. नणंदेच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, बांध्या पार आतल्या अंगाला, तिथे मशीन पोहोचतच नाही, म्हणून तिची लाखोरी टिकली होती. निरोप गेला तशी ती स्वतःच पिशवी घेऊन बसने आली. भाचीला जवळ घेतलं, तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि मला म्हणाली, "कायले पाहून राहिली व इतके दिवस? आदी सांगतलं असतं त म्या वाळवलेली भाजी पाठवली असती." मी मास्तरीण असून या घरात मला अशा रीतीने बोलू शकणारी ती एकच बाई आहे. नवरा तोंड फिरवून हसत होता.

धान पिवळं पडायला लागलं होतं. ताई अनवाणी बांधीत उतरली. आम्ही पाणी काढलं नव्हतं, ते आपलं आपण जिरत आलं होतं. तिने चिखलात पाय ठेवला, उचलला, आणि ठसा बघत उभी राहिली. ठसा स्पष्ट उमटला होता आणि त्यात पाणी साचलं नव्हतं. "आज टाका," ती म्हणाली. रात्रभर भिजवलेलं बी नवऱ्याने मुठीने धानावरून फेकलं. लोंब्यांवर बी पडल्याचा बारीक आवाज यायचा, मग ते धानातून घरंगळत खाली जायचं. नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही. मला हे पेरणं वाटेचना. गावातल्या लोकांनाही वाटलं नसावं. बरेच जण रस्त्यावर गाड्या थांबवून बघून गेले.

धान हाताने कापलं. बायका विळे घेऊन ओळीने पुढे सरकत होत्या. मी रविवार होता म्हणून गेले होते. त्यांच्या मागे, जिथे धान निघालं होतं तिथे, हिरवं दिसत होतं. मी वाकले. धानाच्या बुडख्यांच्या मधल्या जागेत नाजूक, पात्यासारख्या पानांची रोपंच रोपं. इतके दिवस उभ्या पिकाच्या सावलीत, कुणाला न दिसता, ती वाढत होती. वर एक पीक पिकत होतं आणि खाली दुसरं जन्माला येत होतं, एकाच चिखलात, एकाच ओलीवर. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शेतकऱ्याच्या घरात दिली गेले, आणि हे मी पहिल्यांदा नीट बघत होते. अंगावर काटा आला. हे कुणी पहिल्यांदा करून पाहिलं असेल, आणि त्याच्या मनात हे आलंच कसं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून संध्याकाळपर्यंत गेला नाही.

पोरगीही आली होती. तिने एक शेंडा खुडला आणि कच्चाच तोंडात टाकला. "आता महिनाभर थांब," मी म्हटलं. ती म्हणाली, "थांबतो न."

आणि मग हार्वेस्टर आला.

आमच्या बांधीच्या मागे माझ्या चुलत दिरांची बांधी आहे. तिला रस्ता नाही. मशीनला तिथे जायचं तर आमच्यातूनच जावं लागतं, दर वर्षी तसंच जातं, त्यात विचारण्यासारखं कधी काही नसायचंच. त्यांचं धान उशिराचं, नुकतं पिकलं होतं. आभाळ भरून आलं होतं, आणि मशीनवाला त्याच दिवशी गावात होता. मी शाळेत होते. मशीन गेलं, आलं, मग धान भरलेली ट्रॉली निघाली, पुन्हा गेली. आम्ही पाणी काढलेलं नसल्याने जमीन मऊ होती. संध्याकाळी मी रस्त्यावर गाडी थांबवली तेव्हा बांधीच्या मधोमध चाकोऱ्यांचे खोल चर पडले होते, आणि वळताना ते धूड कुठे कुठे फिरलं ते सगळं चिखलात लिहिलेलं होतं. रोपं चिखलात दाबली गेली होती. काही ठिकाणी तर काही हिरवं होतं हेही कळत नव्हतं.

"थांबवता नाई आलं तुमाले?" घरी येऊन मी एवढंच बोलले.

"आभाळ पाहिलं तू?" नवरा म्हणाला. "त्याचं धान ओलं झालं असतं त त्यायनं सालभर काय खाल्लं असतं?"

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन ती हळूहळू धावायला निघाली, आणि मी नेहमीप्रमाणे स्कूटीवर तिच्या मागे. ती पडली तेव्हापासून मी हे सुरू केलं होतं. पायाने जमीन ढकलत, चालण्याच्या वेगाने, तिच्या पाठीवर डोळे लावून. बांधीशी आल्यावर आम्ही दोघींनीही दुसरीकडे पाहिलं.

भाऊजी, म्हणजे ते चुलत दीर, दोनदा घरी येऊन अंगणातच घुटमळून गेले. त्यांना पोरीचं दुखणं माहीत होतं, लाखोरी कशासाठी होती तेही. मी पाण्याचा पेला पुढे केला, शब्द नाही. मग ते यायचे थांबले. पण ते रोज बांधीवर जातात, असं नवऱ्याने सांगितलं. तिथे काय करतात ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी मी शाळेत निघाले तर ते रस्त्यावर हात आडवा करून उभे. "वहिनी, गाडी लावा. पाच मिनटं या."

"उशीर होऊन राहिला मले."

"होऊ द्या उशीर. या त."

मी साडी सावरत त्यांच्या मागे चिखलातून गेले. ते चराच्या काठाशी उकिडवे बसले आणि बोटाने दाखवलं. दाबल्या गेलेल्या रोपाचं खोड काळं पडून आडवं झालं होतं, मेलं होतं. पण त्याच्या बुडाशी, मातीच्या आतून, नवे कोंब निघाले होते. एक नाही. एका रोपाला दोन, कुठे तीन. त्यांनी हलकेच माती उकरली. खाली ते भिजवून फेकलेलं बी अजून शाबूत होतं, आणि कोंब त्याच्यापासून निघाले होते. चराच्या तळाशी ओल धरून राहिली होती, तिथे तर ते सर्वांत दाट होते.

"म्या रोज येऊन पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "मले वाटे, मेली."

मी तशीच खाली बसले. नवी साडी होती, त्याचं भान राहिलं नाही. एवढं वजन अंगावरून गेल्यावर कुणाला शहाणपण सुचतं? या एवढ्याशा रोपाने आपला जीव सगळाच्या सगळा वर आणून ठेवला नव्हता. थोडा खाली, मातीत, राखून ठेवला होता. मी रडले का? रडले. भाऊजींनी दुसरीकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघं चराच्या काठाने चालत एकेक रोप बघत राहिलो. त्या दिवशी शाळेत उशीर झाल्याचं कारण मी खरं सांगितलं. कुणाला पटलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "चहा ठेवू काय?" त्याने सुटकेचा श्वास सोडला.

मग थंडी पडली. दव पडायला लागलं, आणि त्या दवावर लाखोरी पसरली. शेंडे खुडावे तशी ती आणखी फुटायची. भाजी अधूनमधून, बाकीच्या दिवशी चवळी, अंडी, भाऊजींनी तळ्यातून आणलेले बारीक मासे. तोंडाला चव आली तशी पोरगी बाकीचंही खायला लागली, लिंबू पिळून, बोटं चाटत. गोळ्या चालूच होत्या. संक्रांतीच्या सुमारास बांधी निळी झाली. लाखोरीची फुलं बारीक असतात, पण इतकी की सकाळच्या उन्हात रस्त्यावरून जाताना डोळ्यांना विश्वास वाटत नसे. चरांच्या जागी ती सर्वांत दाट होती. मशीन कुठून गेलं ते निळ्या पट्ट्यांवरून सांगता यायचं. गावातले दोघं-तिघं येऊन नवऱ्याला बी राखून ठेवायला सांगून गेले. भाऊजी म्हणाले, पुढच्या वर्षी मशीन धुऱ्याच्या कडेकडेने न्यायचं, एकच वाट धरायची, आणि मागच्या बांधीतही लाखोरी टाकायची.

पुन्हा रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. "पळ," म्हणाल्या.

तरी मी स्कूटी सोडली नाही. रोज सकाळी तिच्या मागे. ती वेग वाढवायची, मी वाढवायची. शेवटी एका शनिवारी, माझी सकाळची शाळा होती, ती धावता धावता वळून म्हणाली, "आई, तू काहून मांगं येऊन राहिली? जा न समोर. शाळेले उशीर होते तुले."

मी तिच्या बाजूने पुढे गेले. आरशात ती दिसत होती, मग वळणावर दिसेनाशी झाली. सरळ साकोली गाठायची सोडून मी बांधीजवळ गाडी लावली, आणि कुणी विचारलं तर सांगायला हवं म्हणून कोवळ्या शेंगा खुडायला लागले. हात खुडत होते, कान रस्त्याकडे होते. बुटांचा आवाज आला. पदरात शेंगा धरून मी उभी राहिले, तिला द्यायच्या म्हणून हात पुढेही केला.

तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि थांबली नाही.